रूपाचा निवाडा

मराठी समीक्षेने ‘सौंदर्य’ या शब्दाची जेवढी चिकित्सा केली तेवढी दुसऱ्या कोणत्याही शब्दाची क्वचितच केली असेल. बा. सी. मर्ढेकर यांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीने त्याचा गौरव केला. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ला तोच मान १९७५ मध्ये आणि प्रभाकर पाध्ये यांच्या ‘सौंदर्यानुभवा’ला १९८२ मध्ये लाभला. एका भाषेतील सौंदर्यविचाराचे तीन ग्रंथ असे सन्मानिले जावेत ही गोष्ट त्या भाषेला भूषणावहच होय. परंतु या ग्रंथांभोवती जे वाद माजले, त्यांत माणसाच्या चेहऱ्याला फारशी जागा मिळाली नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची चर्चा झाली. कलाकृतीची स्वायत्तता आणि तिचे लौकिक जीवनाशी असलेले नाते या दोन ध्रुवांमधील अंतर मोजले गेले. मात्र ज्या अर्थाने ‘सुंदर’ हा शब्द आपल्या घरांतून दररोज उच्चारला जातो, म्हणजे मुलगी सुंदर आहे, मुलगा दिसायला बरा आहे, धाकटी थोरलीपेक्षा उजवी आहे, तो अर्थ शास्त्राच्या उंबरठ्याबाहेरच राहिला. ज्या सौंदर्याने माणसांची लग्ने जुळतात आणि मोडतात, नोकऱ्या मिळतात आणि हुकतात, त्याविषयी सौंदर्यशास्त्राने बोलू नये हा काही केवळ योगायोग नव्हे.

सौंदर्यानुभव हा निरिच्छ असतो, त्यात हवेनकोपणाची भावना नसते, या सिद्धांताचा आधार घेतला की माणसाचे रूप आपोआपच चर्चेतून गळते. कारण माणसाच्या रूपाकडे निरिच्छपणे पाहणारा डोळा अद्याप जन्मास यावयाचा आहे. गंमत अशी की, ज्या कांटच्या नावावर हा सिद्धांत सांगितला जातो, त्याने स्वतः ही अडचण ओळखली होती. सौंदर्याचा आदर्श फक्त मानवी आकृतीच्या ठिकाणीच संभवतो, कारण नैतिकतेचे दृश्य रूप तिच्यातच प्रकट होऊ शकते, असे त्याने म्हणून ठेवले आहे. म्हणजे कोनिग्सबर्गचा हा तत्त्वज्ञ, जेथे चांगली आकृती तेथे गुणांची वस्ती असे सांगणाऱ्या आपल्या जुन्या संस्कृत सुभाषिताच्या पंक्तीला जाऊन बसला. कालिदासाचा बटुवेषधारी शिवही ‘कुमारसंभवा’च्या पाचव्या सर्गात पार्वतीला जवळजवळ हेच सांगतो: रूप पापाकडे वळत नाही हे लोकांचे म्हणणे खोटे नव्हे. त्याच सर्गाच्या आरंभी त्याच पार्वतीने आपल्या रूपाला दोष दिलेला आहे, हे मात्र सुभाषितकार विसरतात.

उलट बाजूचा साक्षीदार आपल्याकडे चौदाव्या शतकात होऊन गेला. ऊस वेडावाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, असे चोखोबांनी सांगितले. हा अभंग आपण शाळेत पाठ केला, निरूपणांत ऐकला आणि त्याला सामान्य नीतिबोधाच्या कप्प्यात टाकून मोकळे झालो. वस्तुतः ज्याच्या देहाकडे पाहूनच मंदिराचे दार लावले जात होते, अशा माणसाची ती तक्रार आहे. बाह्य आकार हा त्याच्यासाठी अलंकाराचा विषय नसून प्रवेश-निषेधाचा विषय होता. आणि ज्याच्या दारात तो उभा होता तो देव तर काळा! सावळ्या विठ्ठलाचे रूप वर्णिताना ज्या समाजाची वाणी थकत नाही, त्याच समाजाच्या वधूवरांच्या जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण शिक्षणाच्या आधी छापले जाते, या विसंगतीवर आपल्या भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक लिहावयास हवे होते.

रूपाचा विचार करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. रूप केवळ पाहिले जात नाही. ते हिरावूनही घेतले जाते. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ मधील यमूचे केशवपन हे मराठी कादंबरीतील या विषयावरचे सर्वांत कठोर प्रकरण होय. विधवेचे केस काढणे म्हणजे तिला धर्माच्या वाटेवर लावणे नव्हे. तिच्याकडे कोणी पाहू नये अशी तजवीज करणे होय. रूपाला समाज किती मोठी शक्ती मानीत होता, याचा यापेक्षा रोखठोक पुरावा कोणता? आपट्यांनंतर चाळीस वर्षांनी, १९३३ मध्ये, विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने शिकलेल्या, वयात आलेल्या, अविवाहित मुलींचे मन उघडे केले. त्या पुस्तकाने उडालेली खळबळ सर्वज्ञात आहे. पाहिले जाण्याची पाळी जिच्यावर येते तिलाही काही दिसत असते, हे त्या कथांतून वाचकांच्या प्रथमच लक्षात आले असावे. एरवी आपल्या कादंबरीची रूढी सरळ होती. नायिका देखणी, म्हणून सद्गुणी; खलपुरुषाच्या नजरेत किंवा चालीत काहीतरी व्यंग. या रूढीला आम्ही समीक्षकांनी ‘रंजनप्रधान’ म्हणून नावे ठेवली. परंतु ती रंजक का वाटते, या प्रश्नाला हात घातला नाही.

हा हात मानसशास्त्राने घातला. १९७४ मध्ये डेव्हिड लँडी आणि हॅरल्ड सिगॉल या अमेरिकन संशोधकांनी केलेला एक प्रयोग साहित्याच्या प्रत्येक प्राध्यापकाने वाचावा असा आहे. महाविद्यालयीन तरुणांना एक निबंध तपासावयास दिला. काहींच्या हाती आलेला निबंध चांगला होता, काहींच्या हाती आलेला मुद्दाम वाईट लिहिलेला. लेखिकेचे म्हणून काही प्रतींना देखण्या तरुणीचे छायाचित्र जोडले होते, काहींना अनाकर्षक तरुणीचे, तर काहींना कोणतेच नाही. देखण्या चेहऱ्याच्या निबंधाला अधिक गुण मिळाले हे अपेक्षितच होते. अनपेक्षित, आणि आपल्या दृष्टीने अधिक बोचणारी गोष्ट ही की, निबंध वाईट होता तेव्हा चेहऱ्याचा परिणाम अधिक झाला. चांगल्या लिखाणाला कुरूपतेचा फटका कमी बसतो. वाईट लिखाणाला रूपाचा आधार मोठा मिळतो. पुढे १९९४ मध्ये डॅनिएल हॅमरमेश आणि जेफ बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील व कॅनडातील वेतनांची पाहणी केली, तेव्हा अनाकर्षक मानल्या गेलेल्या माणसांना सर्वसाधारण दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे ५ ते १० टक्के कमी मिळकत असल्याचे आढळले. हे आकडे परक्या मुलखातले आहेत. आपल्या मुलखात रूप कधी एकटे येत नाही. रंग, जात आणि हुंडा यांना बरोबर घेऊन येते, हे मी जाणतो.

लँडी आणि सिगॉल यांचा प्रयोग मी वाचला तो उशिरा, आणि वाचून शरमलो. काही वर्षांपूर्वी मी दोन पहिल्यावहिल्या कवितासंग्रहांचे एकत्र परीक्षण लिहिले होते. एका संग्रहाच्या मलपृष्ठावर कवयित्रीचे उत्तम छायाचित्र होते. दुसऱ्यावर, कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेले असावे असे, अर्धवट उमटलेले. पहिल्या कवितेला मी ‘प्रसन्न’ म्हटले, दुसरीला ‘ओबडधोबड, पण प्रामाणिक’. नंतर ग्रंथालयाने दोन्ही पुस्तकांची वेष्टने काढून त्यांना एकसारखी कापडी बांधणी केली. एका विद्यार्थिनीने ती तशी वाचून मला विचारले, “सर, यांतली प्रसन्न कोणती?” मी दोन्ही पुन्हा वाचली. विशेषणे कवितांतून आलेली नव्हती. ‘ओबडधोबड’ ठरविलेल्या संग्रहातील वृत्तबद्ध रचना तर पहिल्या संग्रहातील कोणत्याही कवितेपेक्षा घोटीव होती. मी ते परीक्षण माझ्या लेखसंग्रहात घेतलेले नाही, एवढेच प्रायश्चित्त माझ्या हातून घडले.

मी बंगळुरात राहतो, आणि या प्रश्नाचा पाठपुरावा करावयास हे शहर सोयीचे आहे. रूपाला उघडपणे गुण देण्याचा एक जागतिक समारंभ येथे २३ नोव्हेंबर १९९६ रोजी चिन्नास्वामी क्रीडांगणावर पार पडला. अमिताभ बच्चन यांच्या कंपनीने भरविलेल्या त्या विश्वसुंदरी स्पर्धेत ग्रीसची इरीन स्क्लिव्हा विजयी झाली. स्पर्धेला विरोध करण्यासाठी प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी यांची शेतकरी संघटना, स्त्रियांच्या संघटना आणि संस्कृतिरक्षक मंडळी अशा एरवी एकमेकांकडे न पाहणाऱ्या तीन फळ्या उभ्या राहिल्या. पोहण्याच्या पोशाखातील फेरी तर दूर सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. शेतकऱ्यांचा राग परकी भांडवलावर होता, संस्कृतिरक्षकांचा उघड्या अंगावर. स्त्रीदेहाची विक्रेय वस्तू होते, हा आक्षेप स्त्रियांच्या संघटनांनी घेतला आणि तोच मुळाशी जाणारा होता. तथापि कांदेपोह्यांची बशी पुढे करून घराघरांत भरणाऱ्या लहान स्पर्धांविरुद्ध शहराच्या रस्त्यांवर अशी गर्दी कधी उसळली नाही. मोठ्या मैदानात जे अश्लाघ्य ठरते, ते बैठकीच्या खोलीत ‘रीत’ म्हणून चालते.

याच शहरात १२ डिसेंबर १९५० रोजी एका मराठीभाषक घरात शिवाजीराव गायकवाड जन्मले. बसवर वाहकाचे काम करणारा हा सावळा तरुण १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या ‘अपूर्व रागंगळ’ या तमिळ चित्रपटात रजनीकांत या नावाने पडद्यावर आला आणि नायकाच्या रूपाविषयीचा तमिळ प्रेक्षकाचा ठोकताळा त्याने बदलून टाकला. टक्कल आणि पांढरी दाढी न लपविता सभासमारंभांत वावरणारा नट ही आपल्या चित्रसृष्टीत दुर्मिळ वस्तू आहे. त्यामुळे रूपाचा जुलूम कर्तृत्वाने मोडतो असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण २००७ च्या ‘शिवाजी’ या त्यांच्याच चित्रपटात नायक नायिकेसाठी गोरा होण्याचे नाना उपाय करतो आणि एका गाण्यापुरता तंत्राच्या साहाय्याने गोरा होऊन नाचतोही. प्रेक्षक हसतात, कारण हा माणूस तसा झाला नाही तरी चालेल हे त्यांना ठाऊक असते. नायिकेच्या बाबतीत हा विनोद उलटा करून पाहावा, तो विनोद राहत नाही. पुरुषाला रूपाची किंमत दुसऱ्या नाण्यात चुकती करता येते. स्त्रीकडून ती त्याच नाण्यात घेतली जाते.

हे सर्व ज्याने रंगभूमीवर मांडून दाखविले तो नाटककारही आयुष्याच्या उत्तरार्धात बंगळुरातच राहिला आणि १० जून २०१९ रोजी येथेच निवर्तला. गिरीश कार्नाड यांचा जन्म माथेरानचा, घरची भाषा कोकणी, लेखन कन्नडात, आणि मराठी रंगभूमीशी नाते आप्ताचे. त्यांचे ‘हयवदन’ (१९७१) चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या अनुवादातून आणि विजया मेहता यांच्या दिग्दर्शनातून मराठी प्रेक्षकासमोर आले. त्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्याचा सूर बहुधा एकच असतो: हे बुद्धी आणि देह यांच्या द्वंद्वाचे, अपूर्णतेचे नाटक. वेताळकथा आणि टोमास मानची १९४० ची कादंबरिका यांच्याशी तुलना करून लेख संपतो. मला हे वाचन अपुरे वाटते. ‘हयवदन’ हे प्रथमतः पाहण्याचे, आणि पाहून निवाडा करण्याचे नाटक आहे.

भागवत दोन मित्रांची ओळख करून देतो ती ऐकावी. देवदत्त देखणा, गोरा, बुद्धीत अद्वितीय, विद्वान ब्राह्मणाचा एकुलता एक मुलगा. कपिल लोहाराचा मुलगा, दिसायला साधा, काळा, बळाच्या कामात अजोड. रूप, रंग, बुद्धी आणि जात यांची गाठ येथे इतक्या सहजपणे मारली आहे की प्रेक्षकाला ती गाठ म्हणून जाणवतच नाही. आपल्याला हे सर्व एकमेकांच्या शेजारी पाहण्याची सवय असते. देवदत्ताचा मुखवटा फिकट, कपिलाचा गडद. पुढे शिरांची अदलाबदल होते तेव्हा मुखवटे बदलतात, नटांची शरीरे जागच्या जागी राहतात. आणि प्रेक्षक? क्षणापूर्वी ज्याला कपिल म्हणत होता त्यालाच, मुखवटा फिकट झाल्याबरोबर, देवदत्त म्हणू लागतो. ऋषीने निवाडा देण्याच्या आधीच प्रेक्षागृहाने तो दिलेला असतो. शिर हे उत्तमांग, म्हणून ज्याचे शिर तोच पती, हा वेताळकथेतील निर्णय तत्त्वज्ञानाचा दिसतो खरा. पण कार्नाडांच्या मांडणीत तो गोऱ्या चेहऱ्याच्या बाजूने लागतो आणि लोहाराचे राबते शरीर ब्राह्मणाच्या शिराच्या मालकीचे होते. हे योगायोगाने घडले असे मानावयास मी तयार नाही.

याहून मोलाची गोष्ट पद्मिनीची. तिला पाहण्यासाठी देवदत्त कपिलाला पाठवितो. म्हणजे प्रसंग मुलगी पाहण्याचाच आहे, फक्त पाहणारा बदली आलेला आहे. कपिल दारातच थक्क होतो आणि पुराणांतल्या साऱ्या रूपवती त्याला एका ठिकाणी दिसू लागतात. येथवर रूढी शाबूत आहे. परंतु उज्जैनच्या वाटेवर, फूल आणावयास झाडावर चढलेल्या कपिलाच्या पाठीकडे पद्मिनी पाहते, आणि नाटक उलटे फिरते. आता पाहणारी ती आहे. पुरुषाच्या देहाची उघड, निःसंकोच पारख विवाहित स्त्री करीत आहे आणि तिचा पती ती पारख करताना तिला पाहत आहे. आपल्या रंगभूमीवर असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके. देवदत्ताला ज्या वेदना होतात त्या केवळ मत्सराच्या नव्हेत. आपले रूप एका तराजूत घातले गेले आहे आणि पारडे वर गेले आहे, हा अनुभव त्याला प्रथमच येतो. त्याच्या घरातील मुलींना तो दाखविण्याच्या कार्यक्रमात दर खेपेस आला असणार.

पद्मिनीला दोहोंतले उत्तम हवे असते, ते मिळते आणि टिकत नाही. देवदत्ताच्या शिराखाली कपिलाचे शरीर हळूहळू मऊ पडते; त्याच्या हातांचा राकटपणा गेल्याची बातमी प्रथम बाहुल्या देतात. याचा अर्थ सामान्यतः ‘बुद्धी शरीराला घडविते’ असा लावतात. मला असे वाटते की, शरीर घडते ते रोजच्या कामाने, आणि कोणते काम कोणी करावयाचे हे चेहरा पाहून ठरते. फिकट मुखवटा घातलेल्या माणसाला धर्मपुरीत कोणी घण उचलावयास सांगत नाही. रूपावरून वागणूक आणि वागणुकीवरून पुन्हा रूप, असे हे चक्र आहे. मानसशास्त्रज्ञ त्याला आज जे नाव देवोत, नाटककाराने ते बाहुल्यांच्या तोंडून सांगून ठेवले होते.

नाटकाच्या चौकटीत असलेल्या घोडमुख्या हयवदनाची जन्मकथाही याच दृष्टीने वाचावी. कर्नाटकाच्या राजकन्येला वरासाठी आलेला राजपुत्र भावत नाही, त्याचा पांढरा घोडा भावतो. पुढे त्या घोड्याचा शापमुक्त गंधर्व होतो, तेव्हाही तिला घोडाच हवा असतो. तिच्या मनात रूपाचा जो आदर्श ठसला तो देवत्वानेही हलत नाही. आपण हसतो, पण रूपाच्या ठशाची ही हट्टी पकड हास्यास्पद खचितच नव्हे.

कार्नाडांच्या ज्या दुसऱ्या नाटकाकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, ते ‘ओडकलु बिंब’. २००५ मध्ये ते येथील जयप्रकाश नारायण नगरातील ‘रंगशंकरा’ या नाट्यगृहात झाले. रंगमंचावर एकच नटी आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर तिचीच प्रतिमा. मंजुळा नायक ही कन्नड लेखिका अचानक एका इंग्रजी कादंबरीमुळे जगप्रसिद्ध होते. कादंबरीची नायिका कमरेखाली लुळी, चाकांच्या खुर्चीला जखडलेली. भाषण संपल्यावर पडद्यावरील प्रतिमा मंजुळेलाच उलटतपासणीस उभी करते आणि हळूहळू उलगडत जाते की, कादंबरी मंजुळेची नाहीच. ती तिच्या मृत बहिणीची, मालिनीची आहे, आणि मालिनी आयुष्यभर त्याच खुर्चीत होती.

समीक्षकाला घाबरविणारे हे नाटक आहे. धडधाकट लेखिकेने पंगू देहाचे अंतरंग असे रेखाटावे, म्हणून मंजुळेच्या प्रतिभेचे कौतुक होते. तीच पाने मालिनीच्या नावाने आली असती तर? त्यांना ‘अनुभवाचे प्रामाणिक कथन’ म्हटले गेले असते. सहानुभूती मिळाली असती, प्रतिभेचे प्रशस्तिपत्र बहुधा मिळाले नसते. अक्षरही न बदलता, मागचा देह बदलल्याबरोबर पुस्तकाची जात बदलते. लँडी आणि सिगॉल यांनी निबंधाला छायाचित्र जोडून जे केले ते कार्नाडांनी एका कादंबरीला दोन बहिणी जोडून केले. ‘प्रामाणिक’ या विशेषणाने माझ्या मनात काय झाले ते वाचकाने ताडले असेल. तेच विशेषण मी त्या अंधुक छायाचित्राच्या कवयित्रीला बहाल केले होते. रूपाने किंवा देहाने उणे ठरलेल्या लेखकाला आपण प्रामाणिकपणा देऊ करतो, आणि कलेचा मान दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. दलित आत्मकथनांच्या पहिल्या परीक्षणांतही ‘प्रामाणिक’ हा शब्द फार वापरला गेला, याची आठवण येथे होते.

मात्र या नाटकाविषयी माझी एक तक्रार आहे. मालिनी आपल्यापेक्षा अधिक देखणी आणि अधिक बुद्धिमान होती, अशी कबुली मंजुळेला द्यावी लागते. मंजुळेच्या असूयेला बळ मिळावे म्हणून नाटककाराला हे आवश्यक वाटले असेल. परंतु त्यामुळे पंगू नायिकेला रूपाची भरपाई मिळाली. ती प्रतिभावंत, पंगू आणि सामान्य रूपाची का असू शकत नव्हती? देखणेपणाशिवाय प्रेक्षकाची सहानुभूती तिच्याकडे वळणार नाही, असे कार्नाडांसारख्या सावध लेखकालाही वाटले काय? ‘हयवदना’तही पद्मिनी निर्दोष सुंदर आहे, तिच्या रूपाला कोणी प्रश्न विचारीत नाही, दोन पुरुषांच्याच रूपांची उठाठेव होते. कथेच्या केंद्रातील स्त्री देखणी असलीच पाहिजे, ही आमच्या रंजनप्रधान कादंबरीची रूढी या दोन्ही नाटकांच्या मागील दाराने आत आलेली आहे.

कोणी म्हणेल, हा दोष रंगभूमीचा आहे. कादंबरीत रूप शब्दांनी सांगता येते, रंगमंचावर कोणी ना कोणी नट उभा करावाच लागतो. पण मराठी रंगभूमीचा इतिहास याला दुजोरा देत नाही. एका संपूर्ण पिढीच्या मराठी स्त्रियांनी लुगडे कसे नेसावे आणि केसांत गजरा कसा माळावा हे ज्यांच्याकडे पाहून ठरविले, ते बालगंधर्व (१८८८–१९६७) पुरुष होते. रूप नटाच्या कातडीत नसून पाहणाऱ्यांच्या संगनमतात असते, एवढे तरी त्या उदाहरणाने सिद्ध व्हावे. वय आणि स्थूलता वाढत गेली तरी रसिकांनी ते संगनमत पुष्कळ काळ निभावून नेले. इतका दीर्घ औदार्याचा काळ तेथे खऱ्याखुऱ्या स्त्री-नटीच्या वाट्याला आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

म्हणूनच ‘ओडकलु बिंबा’तील एक नाट्ययोजना मला तिच्या कर्त्याच्या तडजोडीपेक्षा थोर वाटते. मालिनी रंगमंचावर कधीच येत नाही. तिचे छायाचित्रही आपल्याला दाखविले जात नाही. ती देखणी होती हे आपण ऐकतो ते केवळ तिच्या बहिणीच्या तोंडून, आणि या बहिणीने तिच्या जिवावर नाव मिळविलेले आहे. तेव्हा ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी हा प्रश्न उरतोच. अखेरीस पडद्यावरील प्रतिमा आपण मालिनीच आहोत असे म्हणू लागते, तेव्हा बोलणारा चेहरा मंजुळेचा असतो. मी हा प्रयोग पाहिला त्या रात्री बाहेर चहाच्या टेबलाशी दोन प्रेक्षकांचा वाद चालला होता. एकजण म्हणत होता, मालिनी नटीपेक्षा गोरी असणार. दुसऱ्याने विचारले, “हे तुला कोणी सांगितले?”